यागोदाची उंची

मालविनाबाई टेबलावर ठोकळे मांडतात,
लाकडी, लाल रंग उडालेले.
यागोदा एकावर एक चढवते. सहा.
सातवा ठेवताना जीभ बाहेर.
मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी,
श्वास धरून,
जसा धरायचो सातशे मीटर खाली
छताला दिलेला टेकू करकरला की.
लाकूड मोडण्याआधी बोलतं.
लोखंड बोलत नाही.
आम्ही म्हातारे म्हणून लाकडावर भरवसा ठेवायचो.

अडीच वर्षांची आहे.
कमरेच्या जरा वर एक फिकट रेघ,
तिच्या वाढदिवसापेक्षा जुनी.
पंचविसाव्या आठवड्यात, बितोमच्या इस्पितळात,
रोक्सानाचं पोट उघडलं, आतली पिशवी उघडली,
माझ्या तळहातावर मावेल एवढ्या पाठीतली
उघडी राहिलेली फट शिवली,
आणि सगळं पुन्हा मिटवून म्हणाले, आता थांबा.

नऊ आठवडे माझी लेक कुशीवर पडून होती.
मी बसने सूप न्यायचो, झाकण हाताने दाबून.
एकदा तिने विचारलं, बाबा,
खाली अडकलेल्या माणसांना
वरचं काही ऐकू येतं का?
पाइपवर ठोकलं तर येतं, म्हटलं.
मग ती दोन बोटांनी पोटावर ठोकायची.
टक टक. थांबून, टक.

शेजारीण म्हणते, शिवलं ना, मग सुटलात.
काय सांगू तिला.
दर चार तासांनी नळी. रोक्साना नसली तर मी,
ही फावड्यासारखी बोटं शिकली तेही.
घोट्यांना प्लास्टिकचे साचे, त्यांवर घुबडं, तिनेच निवडलेली.
चाकांची चौकट ढकलत स्वयंपाकघर ते दार,
दार ते स्वयंपाकघर, मांजराला हाकलत.
डाव्या अंगठ्याला काहीच कळत नाही.
मागच्या हिवाळ्यात पाय हीटरला टेकला,
फोड आला, आणि ही गाणं म्हणत होती.
तेव्हापासून रोज रात्री दिव्याखाली
तिचे तळवे तपासतो,
शिफ्टआधी वायूचा मीटर तपासावा तसे.

आता चित्रं.
घोडा. बरोबर. छत्री. बरोबर.
मग बटाटा.
"कार्तोफेल," यागोदा ठणकावते.
मालविनाबाईंची पेन्सिल थांबते.
कागदाला हवा आहे "झेम्न्याक", शाळेतला, वॉर्साचा.
मी उठतो. खुर्ची आडवी.
बाई, तो घरचा शब्द आहे,
आमच्या मातीत तोच उगवतो.
त्या हसतात, खूण करतात.
कुठल्या रकान्यात, ते चष्म्याशिवाय दिसत नाही.

घरी येताच ती दाराच्या चौकटीला पाठ लावते.
टाचा टेकवून, माझा एक हात तिच्या काखेत.
ऑक्टोबरपासून दीड सेंटिमीटर.
"मी मोठी!"
मोठीच.
डॉक्टरांनी बजावून ठेवलंय :
उंची वाढेल तशी आतली दोरी
व्रणाला चिकटून ताणली जाऊ शकते.
चाल बदलली, पाठ दुखली, कपडे अवेळी भिजले,
तर उद्यावर टाकू नका.
मी रेघ मारतो, टाळी वाजवतो,
आणि टाळीच्या खालून कान लावतो.
काही करकरतंय का.

"ओपा, आता तू."
मी उभा राहतो. एके काळी मीही उंच होतो,
कोळशाने तीन-चार बोटं ठेवून घेतली.
एका हाताने चौकट पकडून
ती दुसरा हात ताणते, ताणते,
पेन्सिल माझ्या पट्ट्यापर्यंतच पोचते.
तिथेच मारते रेघ.
मागे सरून बघते, समाधानाने.

मी तारीख घालतो.